जुन्या सुबारूला दुसऱ्या सुबारूचे पार्ट बसवताना

सुबारूने १९८९ मध्ये लेगसी बाजारात आणली आणि तिच्यासोबत ईजे मालिकेचे बॉक्सर, म्हणजे आडव्या, समोरासमोरच्या पिस्टनचे, इंजिन आले. पुढे इम्प्रेझा आणि फॉरेस्टर याही त्याच इंजिनावर आणि बऱ्याच अंशी त्याच सांगाड्यावर उभ्या राहिल्या. त्यामुळे या काळातल्या एका सुबारूचे ब्रेक, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, डिफरन्शियल (एका बाजूच्या चाकाला दुसऱ्यापेक्षा वेगळ्या गतीने फिरू देणारा गियरचा डबा), एवढेच काय, पूर्ण इंजिनही दुसरीला बसते. अमेरिकेच्या ईशान्य भागात, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या इंजिनाआधी गंजाने संपतात, तिथे जुन्या गाड्यांच्या यार्डात पत्रा कुजलेल्या पण आतून धडधाकट सुबारू रांगेने उभ्या असतात. माझी १९९८ ची लेगसी आउटबॅक गेली कित्येक वर्षे अशाच गाड्यांच्या जिवावर चालते आहे. मात्र या कामातली बहुतेक नुकसाने पार्ट न बसल्यामुळे होत नाहीत. पार्ट सहज बसतो, बोल्ट पुरता आवळला जातो आणि गाडी चालूही होते, पण तो पार्ट त्या गाडीशी जुळणारा नसतो.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी बॉनेट उघडावे आणि शॉकच्या वरच्या बुरुजावरची पत्र्याची पट्टी वाचावी. तिच्यावर मॉडेलचा कोड असतो आणि गियरबॉक्सचाही. गियरबॉक्सचा कोड टीवाय अक्षरांनी सुरू झाला तर गाडी मॅन्युअल, टीझेड असेल तर ऑटोमॅटिक. ज्या गाडीतून पार्ट काढायचा आहे तिचीही पट्टी वाचून दोन्ही कोड कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. यार्डातल्या गाडीची पट्टी निघाली असेल, तर काउंटरवरच्या माणसाच्या सांगण्यावर विसंबून गियरबॉक्स किंवा डिफरन्शियल विकत घेऊ नये.

चाकांचे काम सर्वांत सोपे आहे. या काळातल्या बहुतेक सुबारूंना पाच नट असतात, त्यांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, मधले भोक ५६.१ मिलिमीटरचे आणि नटांचे आटे १२ गुणिले १.२५ मापाचे असतात. त्याआधीच्या लिओन, ब्रॅट, लॉयाल या गाड्यांना चार नट होते आणि त्यांचे वर्तुळ १४० मिलिमीटरचे, त्यामुळे त्यांच्याशी कसलीच अदलाबदल होत नाही. इम्प्रेझाच्या वेगवान आवृत्तीचे, डब्ल्यूआरएक्स एसटीआयचे, वर्तुळ २००५ पासून ११४.३ मिलिमीटरचे झाले, तेव्हा त्या चाकांचाही विचार सोडावा. टोयोटाच्या काही चाकांचे वर्तुळ १०० चेच असते, पण मधले भोक ५४.१ असल्याने ती हबवर बसत नाहीत. फोक्सवॅगनची चाके ५७.१ ची, म्हणजे मध्ये रिंग घालून बसतात, परंतु त्यांची नटांची बैठक गोलाकार असते आणि सुबारूचे नट शंकूच्या आकाराचे. असे नट त्या बैठकीत कितीही आवळले तरी पुरते धरत नाहीत.

ब्रेकचा बदल मात्र मनापासून करण्याजोगा आहे, कारण जुन्या साध्या इम्प्रेझाची पुढची २६० मिलिमीटरची डिस्क आजच्या वाहतुकीत तोकडी पडते. लेगसी आणि आउटबॅकच्या २.५ लिटर गाड्यांची दोन पिस्टनची कॅलिपर आणि २७७ मिलिमीटरची डिस्क तिला जशीच्या तशी बसते. कॅलिपर, त्याचा कंस आणि डिस्क ही तिन्ही एकाच गाडीतून घ्यावीत. कंसाचे बोल्ट १७ मिलिमीटरचे असतात आणि गंजलेल्या गाडीत ते हट्टाने बसलेले असतात. त्यांच्यावर आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवावे आणि सकाळी लांब दांड्याने, झटका न देता, सलग जोर लावून सोडवावेत. याहून मोठे ब्रेक हवे असतील तर २००६ आणि २००७ च्या डब्ल्यूआरएक्सची चार पिस्टनची कॅलिपर २९४ मिलिमीटरच्या डिस्कसह बसतात. ती बहुतेक १५ इंची चाकांत मावत नाहीत, म्हणून आधी १६ इंची चाके हाताशी असावीत.

डावे कॅलिपर उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसू शकते, आणि घाईत ते बसवलेही जाते. तसे झाले की हवा काढण्याची निपल वरच्या टोकाला राहण्याऐवजी खाली येते, हवा वरच्या पोकळीत अडकते आणि बाटलीभर ब्रेक ऑइल संपले तरी पेडल मऊच राहते. कॅलिपर लावल्यावर एक पाऊल मागे सरून दोन्ही बाजूंची निपल वरच आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. होजच्या बोल्टखालचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घालावेत. जुने वॉशर एकदा दाबले गेलेले असतात आणि पुन्हा लावल्यास हमखास पाझरतात. मागच्या चाकांना ड्रम काढून डिस्क बसवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचा स्वतंत्र छोटा ड्रम असतो. त्यामुळे फक्त कॅलिपर आणून भागत नाही, मागची प्लेट आणि हँडब्रेकची केबलही त्याच गाडीतून आणावी लागते.

गाडी थोडी उंच करण्यासाठी १९९३ ते २००१ च्या इम्प्रेझाला पहिल्या पिढीच्या फॉरेस्टरचे शॉक, स्प्रिंग आणि वरच्या माउंटसकट पूर्ण जुळणी चारही चाकांना बसवतात, आणि खडबडीत रस्त्यासाठी हा बदल उत्तम आहे. पुढच्या शॉकला खाली दोन बोल्ट असतात, त्यातला वरचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, साधण्यासाठी विकेंद्री घडवलेला असतो. तो काढण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर आणि शॉकच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ पुन्हा जुळवली की व्हील अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी निदान सरळ जाते. स्प्रिंग शॉकपासून वेगळी करण्याचे काम मात्र योग्य कॉम्प्रेसरशिवाय कोणीही करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, आणि यार्डातून पूर्ण जुळणीच काढून आणली तर या कामाची वेळच येत नाही.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो. या काळातल्या बहुतेक सुबारूंच्या चारही चाकांना शक्ती जाते. पुढचे डिफरन्शियल गियरबॉक्सच्या पोटात असते आणि मागचे वेगळे, बाहेरून दिसणारे. या दोघांचे गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे आत येणाऱ्या शाफ्टचे होणारे फेरे, एकच असावे लागते, कारण सरळ रस्त्यावर पुढची आणि मागची चाके एकाच गतीने फिरतात. गुणोत्तरे वेगळी असली की तो फरक गियरबॉक्सच्या शेपटीत असलेल्या मधल्या डिफरन्शियलला, म्हणजे मॅन्युअल गाडीत त्याच्या व्हिस्कस कपलिंगला (घट्ट द्रवातून शक्ती पोचवणाऱ्या जोडाला) आणि ऑटोमॅटिक गाडीत क्लच प्लेटांना, प्रत्येक मैलाला अखंड सोसावा लागतो. व्हिस्कस कपलिंग तापते, घट्ट होते आणि कायमचे बिघडते.

माझ्या मॅन्युअल आउटबॅकचे गुणोत्तर ४.११ आहे. मागच्या डिफरन्शियलचा आवाज वाढला तेव्हा मी एका यार्डातून दुसरे आणले. त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाडीतले आहे असे मला सांगितले गेले, आणि ते खरेही होते. पण ती गाडी ऑटोमॅटिक होती आणि तिचे गुणोत्तर ४.४४ होते. डबा बाहेरून तंतोतंत सारखा, बोल्ट सारखे, शाफ्टचे दात सारखे, त्यामुळे तो एका संध्याकाळी बसला. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कोरड्या वाहनतळावर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू नेली, तेव्हा कोणी मागून धरून ठेवावे तशी ती अडखळली आणि मागचे चाक उड्या मारू लागले. फरक आठ टक्क्यांचा होता. मी तिथेच गाडी थांबवली आणि ती ओढून घरी आणली. आणखी आठवडाभर तशीच चालवली असती तर गियरबॉक्सही गमावला असता.

त्यानंतर मी गुणोत्तर स्वतः मोजल्याशिवाय एकही डिफरन्शियल आणलेले नाही, आणि मोजायला खडू पुरतो. डिफरन्शियल जमिनीवर ठेवावे. गाडीतच असेल तर प्रोपेलर शाफ्टचे मागचे चार बोल्ट काढून शाफ्ट बाजूला करावा आणि मागची दोन्ही चाके स्टँडवर अधांतरी घ्यावीत. शाफ्ट सुटला की हँडब्रेक सोडलेल्या गाडीची मागची चाके मोकळी असतात, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावलेल्या असाव्यात. पिनियनच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या, चकतीवर आणि डब्यावर समोरासमोर खडूची खूण करावी. एक बाजू कोणाला तरी घट्ट धरायला सांगावी आणि दुसरी बाजू हाताने बरोबर वीस फेरे फिरवून चकतीचे फेरे मोजावेत. एक बाजू थांबलेली असल्यामुळे आतले मोठे चक्र दहाच फेरे घेते, म्हणून चकतीचे ४१ फेरे आणि वर थोडे झाले तर गुणोत्तर ४.११, बरोबर ३९ झाले तर ३.९०, आणि ४४ च्या पुढे अर्ध्याजवळ गेले तर ४.४४. दोनच फेरे फिरवून मोजणारे लोक ३.९० आणि ४.११ यांत फसतात, कारण तिथे दोघांतले अंतर फक्त पाव फेऱ्याच्या आतबाहेर असते. लिमिटेड स्लिप प्रकारात, म्हणजे दोन बाजूंच्या गतीतला फरक रोखणाऱ्या डिफरन्शियलमध्ये, एक बाजू धरून दुसरी फिरत नाही. तिथे दोन्ही बाजू मिळून दहा फेरे फिरवावेत, उत्तर तेच येते.

२००२ ते २००५ च्या डब्ल्यूआरएक्सचा पाच गियरचा मॅन्युअल गियरबॉक्स जुन्या गाडीत बसवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात पुढचे गुणोत्तर ३.९० असते आणि मागे ३.५४५ चे डिफरन्शियल असते. गियरबॉक्सच्या आतच १.१ चा एक टप्पा असल्याने दोघांचा हिशेब जुळतो. त्यामुळे तो गियरबॉक्स घेतला तर मागचे डिफरन्शियलही त्याच गाडीतले घ्यावे लागते. इथे ३.९० चे घेतले तर आकडे सारखे दिसूनही जोडी चुकलेली असते.

टायरही याच हिशेबात येतात. चार टायरांच्या परिघात पाव इंचाहून जास्त फरक नसावा असे सुबारू सांगते, आणि पाव इंच परीघ म्हणजे रबराच्या जाडीत जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून एक टायर फुटला की एकच नवा घालण्याची सवय या गाडीत महाग पडते. जुन्या ऑटोमॅटिक सुबारूत बॉनेटखाली एफडब्ल्यूडी लिहिलेली फ्यूजची एक रिकामी जागा असते. लहान स्टेपनी लावून जावे लागले तर तिथे फ्यूज घालावा, म्हणजे मागच्या चाकांची शक्ती बंद होते आणि क्लच वाचतो.

इंजिनाच्या अदलाबदलीत सर्वांत प्रसिद्ध बदल म्हणजे १९९६ ते १९९९ च्या गाड्यांतले हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि हेड यांमधले सील, खाणारे २.५ लिटरचे इंजिन काढून त्या जागी २.२ लिटरचे ईजे२२ घालणे. ताकद थोडी कमी होते, आयुष्य खूप वाढते, आणि माझ्या मते डोंगरात ओझे ओढायचे नसेल तर हा सौदा फायद्याचा आहे. एक्झॉस्टची तोंडे आधी पाहावीत. १९९६ पासूनच्या ईजे२२ ला प्रत्येक हेडला एकच तोंड असते आणि २.५ ला दोन, म्हणून त्या इंजिनासोबत त्याचा पुढचा एक्झॉस्ट पाइपही आणावा. गाडीला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा, असेल तर इंजिनही ईजीआर असलेलेच घ्यावे, नाहीतर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझत नाही. कॅलिफोर्नियात गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचेच इंजिन, प्रदूषण नियंत्रणाच्या सर्व साहित्यासह, चालते. इतर राज्यांतही इंजिन विकत घेण्यापूर्वी तपासणी केंद्रात विचारून घ्यावे.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, त्याचे रोलर आणि पाण्याचा पंप नवा घालावा. इथे क्रँकच्या चाकावर दोन खुणा दिसतात. तोंडावरचा बाण चटकन नजरेत भरतो, पण तो बेल्टसाठी नाही. बेल्टची खूण चाकाच्या मागच्या कडेच्या दातावरची बारीक रेघ आहे, आणि ती वर जुळली की चावीची खाच बरोबर खाली येते. १९९६ पर्यंतच्या ईजे२२ मध्ये चूक झाली तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत, १९९७ पासूनच्या इंजिनात आणि २.५ मध्ये लागतात. म्हणून बेल्ट चढवल्यावर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि कुठेही अडले तर तिथेच थांबावे.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन जोडण्यापूर्वी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलातून गियरबॉक्सला देणारा गोल डबा) हाताने फिरवत आत ढकलावा. तो टप्प्याटप्प्याने आत बसतो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला ठक् असे जाणवते. तो पुरता आत न जाता इंजिनाचे बोल्ट आवळले तर गियरबॉक्सचा तेलपंप चिरडला जातो. इंजिन आणि गियरबॉक्सची तोंडे हाताच्या जोराने एकमेकांना चिकटली पाहिजेत. बोल्ट आवळून फट मिटवावी लागत असेल तर कन्व्हर्टर पुढे सरकला आहे असे समजावे आणि इंजिन पुन्हा मागे घ्यावे.

भारतात जनरल मोटर्सने शेव्हरोले फॉरेस्टर या नावाने विकलेली गाडी मुळात सुबारूच आहे. ती जपून ठेवलेल्या मालकांना ब्रेक, टायर आणि डिफरन्शियलचे हे सगळे हिशेब लागू पडतात. मात्र नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, म्हणून इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओत जाऊन यावे.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या, कोरड्या मैदानात घ्यावी, आणि डावीकडे व उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून इंग्रजी आठच्या आकारात गाडी हळू फिरवावी. ती कुठेही अडखळत नसेल तर दहा-पंधरा मैल जाऊन यावे आणि उतरल्याबरोबर चारही चाकांजवळ व मागच्या डिफरन्शियलजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून जास्त तापले असेल तर त्या बाजूचे कॅलिपर धरते आहे. पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला, पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.