निर्दोष ठरला, पण मनोरुग्णालयातून सुटेना: या चुका टाळा

"वकीलसाहेब, निर्दोष सुटला ना? मग घरी कधी न्यायचा?" निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात हा प्रश्न ठरलेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४) कृत्याच्या वेळी आरोपी मनोविकल होता, आणि त्यामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत नव्हतं, असं ठरलं की तो दोषी नाही. पण कृत्य त्यानेच केलं असा निष्कर्ष असेल, तर कोर्ट त्याला सुरक्षित अभिरक्षेत, म्हणजे मनोरुग्णालयात किंवा तुरुंगात बंदोबस्तात, पाठवू शकतं. किती दिवस? कायद्यात आकडाच नाही.

इंग्लंडात १८८२ मध्ये व्हिक्टोरिया राणीवर गोळी झाडणारा निर्दोष ठरला, राणी चिडली आणि पुढच्याच वर्षी निकालाचे शब्द 'दोषी पण वेडा' असे झाले. ते १९६४ पर्यंत टिकले. आपल्या कायद्यात ते कधीच नव्हते. गावात मात्र तोच निकाल लागतो.

आता घरच्यांच्या नेहमीच्या चुका. जामिनाच्या मागे लागणं. शिक्षाच नाही तर जामीन कशाचा आणि पॅरोल कशाचा? वर्ष फुकट जातं.

निकालाच्या दिवशी गप्प बसणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७४ खाली कोर्ट त्याला नातेवाइकाच्या ताब्यात देऊ शकतं, पण त्यासाठी नातेवाइकाचाच अर्ज लागतो आणि हमीही. ती संधी हुकली तर नंतर कलम ३७८ खाली राज्य सरकारकडे मागावं लागतं, म्हणजे फाईल कोर्टातून उठून मंत्रालयाच्या वाटेला लागली.

डॉक्टरांकडे चुकीचा शब्द मागणं. सगळ्यात जास्त घोळ इथे. 'पेशंट फिट आहे' असा कागद घेऊन लोक येतात. फिट कशाला? खटल्याला तोंड द्यायला? तो तर संपला. मग 'पूर्ण बरा झाला' असं लिहून द्या म्हणतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाबद्दल शहाणा डॉक्टर सहसा असं लिहीत नाही, आणि घरचे त्या शब्दाची वाट बघत बसतात. याच संहितेचं कलम ३७७ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३३८) वेगळंच विचारतं: सोडलं तर तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील का? धोका नाही असा दाखला कारागृह महानिरीक्षकांनी किंवा अभ्यागतांनी (मनोरुग्णालयाच्या पाहणीसाठी नेमलेल्यांनी) दिला, की सरकार सुटकेचा आदेश काढू शकतं.

म्हणून अहवालात विशेषणांपेक्षा नोंदी मागा. एका फाईलवर 'प्रकृती समाधानकारक' हे दोनच शब्द सहा वेळा होते, आणि फाईल जागची हलली नव्हती. त्याच वॉर्डातल्या सिस्टरच्या वहीत होतं: सकाळचा चहा हाच वाटतो, गोळ्या स्वतः मागून घेतो, दोन वर्षांत भांडण नाही. ज्या भ्रमातून ते कृत्य घडलं तो अजून आहे का, औषध बंद पडलं तर आधी काय दिसतं, घरी गोळी कोण देणार, हेही लिहून घ्या.

भावाला पकडून सही घेणं. अशा प्रकरणात मेलेली व्यक्ती बऱ्याचदा त्याच घरातली असते. आईचा जीव गेलेल्या घरात भाऊ कचरतो, यात नवल नाही. जबरदस्तीच्या हमीपत्रावर घरी आलेल्या माणसाचं औषध सुटायला वेळ लागत नाही. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला मानसिक आरोग्य संस्थेत ठेवता येत नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. हा मुद्दा अर्जात घाला. मात्र त्याने कोर्टाचा आदेश आपोआप रद्द होतो असं समजू नका.

फाईल आपोआप सरकेल असं मानणं. आसामचा माचल लालुंग १९५१ मध्ये पकडला गेला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेला. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो ठीक असल्याचं कळवलं; घरी नाही, त्याला तुरुंगात नेलं. २००५ मध्ये १ रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. त्याचा तर खटलाही चालला नव्हता.

तेव्हा निकालाची नक्कल काढा, अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या आणि दर सहा महिन्यांनी लेखी विचारा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. मनोरुग्णालयात अभिरक्षेत असलेल्याला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि घर बदललंत तर नवा पत्ता रुग्णालयात आधी कळवा. जुन्या पत्त्यावरून परत आलेलं पाकीट फाईलला लागलं, की 'नातेवाईक आढळून आले नाहीत' असा शेरा पडतो.