जुनं घड्याळ दुरुस्त करताय, नव्याला जुना साज चढवताय? या चुका टाळा

चावीचं जुनं घड्याळ हाती आलं आणि ते बंद आहे असं कळलं, की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. या छंदातलं बहुतेक नुकसान याच घाईत होतं. मशीनचा एखादा भाग तुटला तर दुसऱ्या बंद घड्याळातून तो मिळू शकतो. पुसली गेलेली तबकडी आणि घासून बोथट झालेली केसची, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणाची, धार मात्र गेली की गेलीच. म्हणून आधी या न भरून येणाऱ्या चुका, आणि मशीन त्यानंतर.

तबकडी पुसणं

हे मी स्वतः केलंय. साठच्या दशकातलं घड्याळ, साय रंगाची तबकडी, सहाच्या आकड्याजवळ छोटासा तपकिरी डाग. कापसाचा बोळा जेमतेम ओला केला आणि एकदाच, अगदी हलक्या हातानं फिरवला. डाग जागचा हलला नाही. बोळा उलटून पाहिला, तर त्यावर काळ्या बारीक रेघा ओळीनं उमटल्या होत्या. पाच ते सातच्या मधल्या मिनिटांच्या खुणा होत्या त्या. पन्नास-साठ वर्षांत तबकडीवरच्या लॅकरला भिंगाशिवाय न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. पाणी त्यांतून आत शिरतं आणि छपाई सुटते.

आता मी ब्लोअरनं धूळ उडवतो, फार तर रोडिकोच्या (घड्याळजींच्या चिकट, मऊ पुट्टीच्या) गोळ्यानं टिपून घेतो आणि तिथंच थांबतो. डाग असलेली मूळ तबकडी ही पुन्हा रंगवलेल्या चकचकीत तबकडीपेक्षा केव्हाही चांगली, असं माझं ठाम मत आहे. संग्राहकही बहुतेक त्याच बाजूचे असतात.

चमकत नाही म्हणून खरवडणं

ही चूक घड्याळाला नाही, तुम्हाला महागात पडते. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक तबकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा आहे. तो आता चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं असं अजिबात नाही. त्यातलं झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्यानं निकामी झालेलं असतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, ते जसंच्या तसं तिथंच बसलेलं आहे. असा रंग खरवडला की त्याची धूळ श्वासातून आत जाते आणि शरीरातच राहते. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ओठांनी ब्रशला टोक काढत. त्यांपैकी अनेकींचे जबडे झिजले, काही जणी दगावल्या.

तबकडीच्या तळाशी बारीक ‘टी’ अक्षर छापलेलं असेल तर तो रंग ट्रिटियमचा. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आणि धोका बराच कमी, तरी खरवडू नयेच. जुना रंग तपकिरी पडलाय, त्याचे कण सुटून काचेखाली पसरलेत असं दिसलं, तर ते घड्याळ न उघडता बाजूला ठेवा.

केसला पॉलिश

जुन्या केसवर घासलेला पृष्ठभाग आणि आरशासारखा पृष्ठभाग यांच्यामध्ये एक स्पष्ट रेघ असते. पट्टा अडकतो त्या शिंगांना धार असते. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, दोनदा जास्त फिरला की रेघ विरते, शिंगं साबणाच्या वडीसारखी गोल होतात. सोन्याचा मुलामा तर मोजक्या मायक्रॉनचा, खालचं पितळ डोकवायला वेळ लागत नाही. ओरखडे काढायची हौस अ‍ॅक्रिलिकच्या काचेवर भागवून घ्या. ती पॉलिशनं छान उजळते आणि बिघडली तरी बदलता येते.

आता मशीन

पहिली गोष्ट, मेनस्प्रिंगमधला (चावी दिल्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधला) ताण उतरवल्याशिवाय काहीही सोडवू नका. क्राउन, म्हणजे चावीचं बटण, बोटांत पकडायचा, चिमट्याच्या टोकानं क्लिक (स्प्रिंगला उलटं फिरू न देणारा खटका) बाजूला करायची आणि क्राउन बोटांमधून सावकाश उलटा फिरू द्यायचा. भरलेली स्प्रिंग असताना पॅलेट फोर्क (चाकांना अडवत-सोडत टिकटिक करणारा छोटा काटेरी भाग) काढलात तर सगळी चाकं एका झटक्यात भिरभिरतात आणि केसाएवढ्या जाडीचे पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं, मोडतात. ताण खरंच उतरलाय का, हे बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक) काढल्यावर कळतं. फोर्कला हळूच ढकला. तो स्वतःहून पलीकडे उडी मारत असेल तर ताण अजून शिल्लक आहे.

स्क्रू सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा तपासा. क्राउन व्हीलच्या, म्हणजे क्राउनची फिरकी स्प्रिंगकडे नेणाऱ्या चाकाच्या, स्क्रूला बऱ्याच मशीनमध्ये उलटे आटे असतात. काही उत्पादक अशा स्क्रूच्या डोक्यावर एकाऐवजी तीन खाचा देतात, पण सगळेच देत नाहीत. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण रुंदीनं बसलं पाहिजे. नाहीतर ते घसरतं आणि ब्रिजवर, म्हणजे चाकांना धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कायमचा ओरखडा उठतो.

धुण्याबाबतची एक चूक हुशार माणसंही करतात. सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचे, कारण ते झटकन सुकतं. पण पॅलेट फोर्कचे माणिक आणि बॅलन्सवरचा छोटा माणिक लाखेनं चिकटवलेले असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दोन भाग नाफ्थ्यात, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या द्रवात धुवा.

तेलाचं सांगायचं तर कमी पडलं तर पुन्हा देता येतं, जास्त झालं तर सगळं उघडून धुवावं लागतं. पिव्हट ज्या माणकाच्या भोकात फिरतो, त्या भोकाभोवतीची वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरेल इतकंच तेल हवं. काठोकाठ भरलेला थेंब जागेवर राहत नाही, ब्रिजखाली ओढला जातो आणि पिव्हट कोरडा पडतो. पॅलेट फोर्कच्या पिव्हटना सहसा तेल देतच नाहीत. वेगानं फिरणाऱ्या चाकांना मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्यांना एचपी १३०० सारखं दाट, आणि पॅलेटच्या माणकांना मोबियसचंच ९४१५. गंजलेल्या बिजागरीवर मारायचा स्प्रे घड्याळाच्या आसपासही नको.

लक्षण काय सांगतं

घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढं पळायला लागलं, तर रेग्युलेटरला (वेग कमी-जास्त करणाऱ्या काडीला) हात लावू नका. बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, चुंबकत्वानं किंवा तेलानं. जवळ होकायंत्र धरा. सुई थरथरली तर डीमॅग्नेटायझर वापरा. त्याचं बटण दाबून ठेवूनच घड्याळ हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलंत तर चुंबकत्व उलट वाढू शकतं.

टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, फक्त रोजची सेकंदं पाहणं, ही माझ्या मते सगळ्यात फसवी सवय. आधी अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंश डोलतो ते, पाहा, तोही त्या मशीनचा लिफ्ट अँगल (हिशेबाला लागणारा ठरलेला कोन) बरोबर भरून. यंत्र बहुधा ५२ अंश धरून चालतं, एनएच ३५ या सेको मशीनचा ५३ आहे. पूर्ण चावी दिलेलं निरोगी मशीन तबकडी वर ठेवून २७० अंशांच्या आसपास किंवा वर असतं. तासाला १८,००० ठोक्यांची जुनी मशीन २५० वरही समाधानानं चालतात. २०० च्या खाली असेल तर मशीन धुण्याची गरज आहे. तिथं रेग्युलेटर फिरवून वेळ जुळवली, तर मळ आतच राहतो आणि पिव्हट झिजत जातात.

टाइमग्राफरवर सगळं उत्तम, सेकंद काटाही बरोबर, पण संध्याकाळपर्यंत घड्याळ अर्धा तास मागे? दोष कॅनन पिनियनचा, म्हणजे मिनिट काटा ज्यावर बसतो त्या नळीचा. तो ढिला पडलाय, त्यामुळे मशीन चालतं पण काटे पूर्ण ओढले जात नाहीत. मला हे कळेपर्यंत एक चांगलं मशीन मी दोनदा विनाकारण धुतलं. आणि घड्याळ दर वेळी काटे एकमेकांवरून जाताना थांबत असेल, तर आत काहीच उघडू नका. काटे एकमेकांना घासताहेत, बाजूनं पाहिलं की दिसतं.

नवं मशीन, जुना साज

नवं मशीन जुन्या धाटणीच्या केसमध्ये, तबकडी-काट्यांसह बसवताना चुका मापांच्या असतात. ईटीए २८२४-२ या स्विस मशीनला काट्यांची भोकं (तास, मिनिट, सेकंद) १.५०, ०.९० आणि ०.२५ मिलिमीटरची लागतात, एनएच ३५ ला १.५०, ०.९० आणि ०.२०. तास आणि मिनिट काटा दोन्हीकडे बसतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि सेकंद काट्याशी अडतो. तबकडीच्या पायांच्या (मागच्या, मशीनमध्ये बसणाऱ्या खुंट्यांच्या) जागाही वेगळ्या असतात. नव्या तबकडीचे पाय कापून ती चिकटपट्टीनं बसवली तर एक वेळ चालेल. पण साठ वर्षं टिकलेल्या मूळ तबकडीचे पाय कापू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे. हौस भागवायला नव्या केस, नव्या तबकड्या भरपूर आहेत. आणि घड्याळ दुसऱ्याला देताना काय काय बदललंय ते सगळं सांगा.

तारीख असेल तर काटे बसवण्याआधी क्राउन फिरवून तारीख पालटू द्या आणि त्याच क्षणी दोन्ही काटे बारावर बसवा. नाहीतर ती दुपारी बदलते किंवा रात्री दहालाच. क्राउनला मशीनशी जोडणारी दांडी कापताना अंदाजापेक्षा थोडी लांब ठेवा आणि कानशीनं उतरवत जा. पोलादी काटे निळे करायचे असतील तर आधी पॉलिश करून ते तेलाचा अंशही न ठेवता पुसा, बोटाचा ठसासुद्धा डाग होऊन दिसतो. पितळेच्या कीसावर ठेवून तापवले की सुमारे ३०० अंश सेल्सियसला पिवळा, तपकिरी, जांभळा असा रंग पालटत निळा येतो. निळा दिसताक्षणी उचला, दोन-चार सेकंदांत तो फिका राखाडी होतो.

झाकण लावलं की लगेच मनगटावर बांधू नका. पूर्ण चावी देऊन एक दिवस तबकडी वर, एक दिवस तबकडी खाली आणि एक दिवस क्राउन खाली ठेवा, आणि रोज ठरलेल्या वेळी फरक लिहून काढा. नवी रबरी रिंग घातली असली तरी पाण्यापासून ते लांबच ठेवा. क्राउनची नळी झिजलेली असते आणि ओलावा तिथूनच आत जातो.