पॅकिंग लाईनींना आपसात बोली लावू द्या: एजंट वापरून प्लॅनिंग कसं करायचं

आधीच सांगून टाकतो, एजंट (म्हणजे एकेका लाईनच्या किंवा बॅचच्या वतीने बोलणारे छोटे प्रोग्राम) लावले म्हणून प्लॅन आपोआप चांगला होत नाही. सगळं सुरळीत चालू असेल तर रात्री एकदा सॉल्व्हर (गणिताने चांगला प्लॅन शोधणारा प्रोग्राम) चालवून काढलेला प्लॅन एजंटांपेक्षा बरा निघतो, बहुतेक वेळा बराच बरा. एजंटांची गरज पडते ती सकाळी दहा वाजता, जेव्हा सीलिंगचा हीटर जातो, किंवा क्यूएने, म्हणजे क्वालिटीवाल्यांनी, बॅच अडवून ठेवलेली असते, किंवा जुलैतल्या पावसात वीज ट्रिप होते आणि एसी बंद पडून पॅकिंग एरियातली ह्युमिडिटी वर जाते. रात्रीचा प्लॅन तिथेच मेला. आता परत सगळं मांडत बसायला कोणाकडे वेळ नसतो, मग सुपरवायझर फोनवर फोन करून जुळवतो.

मी इथे औषधांच्या पॅकिंगचंच उदाहरण घेणार, कारण गोव्यात वेर्णा, कुंडई भागात तेच जास्त दिसतं. पण मशीनिंग असो की बॉटलिंग, रीत तीच.

सगळ्यात आधी ठरवायचं की एजंट कोण. इथे लोक हौसेने कन्व्हेयरपासून पॅलेटपर्यंत प्रत्येक गोष्टीला एजंट करतात आणि मग मेसेजच्या गर्दीत काय चाललंय तेच कळत नाही. सुरुवातीला दोनच जाती पुरे: प्रत्येक बॅचचा एक एजंट, ज्याला आपलं काम वेळेत संपवायचंय, आणि प्रत्येक लाईनचा एक एजंट, ज्याला आपली लाईन उगाच धुण्यापुसण्यात घालवायची नाहीये. तिसरा घ्यायचाच तर क्लीनिंगच्या टीमचा घ्या, कारण दोन लाईनींचा चेंजओव्हर (एका प्रॉडक्टवरून दुसऱ्यावर जाताना लाईन साफ करून बदलणं) एकाच वेळी निघाला की माणसं तेवढीच असतात, आणि चवथीच्या आठवड्यात तर तेवढीही नसतात. बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातून १९९८ मध्ये प्रोसा नावाची एक रचना आली, तिच्यात ऑर्डर, प्रॉडक्ट आणि रिसोर्स असे तीन मूळ प्रकार आहेत आणि सल्ला द्यायला एक स्टाफ एजंट. वाचायला चांगली आहे, पण पहिल्या दिवशी सगळी उभी करायची गरज नाही.

मग हे एकमेकांशी बोलणार कसे? यासाठी नवीन काही शोधू नका. रीड स्मिथने १९८० मध्ये मांडलेला कॉन्ट्रॅक्ट नेट अजून चालतो. बॅच पुकारा करते की मला अमुक काम करून पाहिजे, लाईनी आपापली बोली देतात, बॅच एकीला काम देते आणि बाकीच्यांना नाही म्हणून कळवते. देवळात उत्सवानंतर पावणी (लिलाव) होते ना तसंच, फक्त इथे सगळ्यात कमी बोलणारा जिंकतो. बोलीला मुदत घाला, समजा ५ सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ती लाईन नाहीच असं धरून पुढे जायचं, नाहीतर एका लाईनचा पीसी हँग झाला की सगळे एजंट तोंडाकडे बघत बसतात.

आता खरी मेहनत कुठे आहे, तर बोलीत काय धरायचं यात. जर्मनीत डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीच्या श्टुटगार्ट-उंटरट्युर्कहाइमच्या प्लांटमध्ये सिलिंडर हेडच्या लाईनवर एजंट लावले होते, तिथे मशीन आपल्यापुढे किती काम साचलंय ते बघून बोली द्यायचं. तिथे तेवढं चाललं. आपल्याकडे चालणार नाही, कारण आपला वेळ कामात कमी आणि चेंजओव्हरमध्ये जास्त जातो. एक उदाहरण आकड्यांसकट बघू.

सकाळचे १० वाजलेत, लाईन २ बंद पडली. तिच्यावरची बॅच ३ लाख गोळ्यांची, दहाची स्ट्रिप, म्हणजे ३०,००० स्ट्रिप, आणि माल संध्याकाळी ७ च्या ट्रकवर चढवायचाय. लाईन १ सकाळी ११ ला मोकळी होते, पण तिच्यावर दुसरं प्रॉडक्ट चालू आहे, म्हणजे पूर्ण क्लीनिंग आणि फॉरमॅट बदलायला ४ तास. दुपारी ३ ला सुरू, मिनिटाला २०० स्ट्रिप, अडीच तास, साडेपाचला संपलं. लाईन ३ वर हेच प्रॉडक्ट चालू आहे, पण ती २ वाजता मोकळी होणार, लाईन क्लिअरन्सला (आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना हे तपासायला) अर्धा तास, आणि ती जुनी आहे, मिनिटाला १५० च काढते, म्हणजे ३ तास २० मिनिटं. संपायला ५:५०.

बोलीत फक्त "कधी संपेल" एवढंच धरलं तर लाईन १ वीस मिनिटांनी जिंकते. आणि त्या वीस मिनिटांचा उपयोग शून्य, ट्रक तर सातला आहे. वर चार तास क्लीनिंगमध्ये गेले, आणि परत जुन्या प्रॉडक्टवर जायचं तर आणखी चेंजओव्हर. म्हणून बोली अशी लावा: चेंजओव्हरच्या प्रत्येक तासाला १० गुण, उशिराच्या प्रत्येक तासाला ५० गुण, आणि या कामामुळे रांगेतली दुसरी बॅच तिच्या तारखेपलीकडे ढकलली जात असेल तर तिचेही तासाला ५०. वेळेत संपत असेल तर लवकर संपवण्याचं बक्षीस काही नाही. आता लाईन १ ची बोली ४० आणि लाईन ३ ची ५ (तिची पुढची बॅच परवाची आहे असं धरा). लाईन ३ ला काम गेलं, जे सुपरवायझरनेही केलं असतं.

पण इथे एक खोच आहे. ट्रक सातऐवजी ५:४० ला असता तर? लाईन ३ दहा मिनिटं लेट, म्हणजे साधारण ८ गुण, एकूण १३, आणि तरीही तीच जिंकते! ट्रक काय दहा मिनिटांचा दंड घेऊन थांबत नाही, तो जातो. म्हणून जिथे तारीख पक्की आहे तिथे तासाचा हिशोब काढून टाका आणि चुकली की सरळ २०० गुण लावा. हे आकडे माझे आहेत, तुमचे तुम्ही डिस्पॅचवाल्यांबरोबर बसून ठरवा, आणि प्लॅनिंगमधल्या एकट्या माणसाने तर मुळीच ठरवू नका.

आणि जे चालणारच नाही त्याला गुण लावायचे नसतात. ते प्रॉडक्ट त्या लाईनवर घ्यायची परवानगी नसेल तर लाईनने बोलीच द्यायची नाही, पॉइंट संपला. कितीही मोठा दंड ठेवलात तरी एखाद्या दिवशी सगळ्या बोली वाईट येतील आणि एजंट हसत हसत ती परवानगी नसलेली लाईनच निवडेल.

दुसरा त्रास म्हणजे एजंटांना जवळचंच दिसतं. प्रत्येक बॅच आपल्यापुरतं बघते. एका लाईनवर १० बॅचेस कुठल्या क्रमाने घ्यायच्या याच्याच ३६,२८,८०० शक्यता आहेत, त्या काही बोलाबोलीतून चाळून होत नाहीत. म्हणून रात्रीचा प्लॅन सॉल्व्हरलाच करू द्या, गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट फुकट मिळतो आणि चांगला आहे, आणि दिवसा जिथे फाटलं तिथे एजंटांनी शिवायचं.

शिवायचं म्हणजे सारखं शिवत बसायचं नाही. दर पाच मिनिटाला प्लॅन हलला तर स्टोअरवाला फॉइल काढून ठेवतो, परत नेतो, परत काढतो, आणि दुपारपर्यंत तो स्क्रीनकडे बघायचंच सोडून देतो. मी म्हणेन पुढचे दोन तास फ्रीझ, लाईन बंद पडली तरच हात लावायचा. आणि त्यापलीकडेही नवीन बोली जुन्यापेक्षा निदान १५ गुणांनी कमी असेल तरच काम हलवायचं.

टूल्सचं फार मनावर घेऊ नका. एजंट लिहायला जावा येत असेल तर जेड आहे, जुनं पण भक्कम, पायथनवाल्यांना स्पेड. लाईन चालू आहे की बंद, किती स्ट्रिप निघाल्या, हे पीएलसीकडून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडून) ओपीसी यूएवर (मशीनचा डेटा घ्यायची स्टँडर्ड पद्धत) घ्या, माणसाने टाइप केलेल्या एंट्रीवर बोली लावू नका, ती शिफ्ट संपताना एकदम भरलेली असते. आणि एजंटला लाईन चालू-बंद करायचा अधिकार देऊ नका, त्याने फक्त सुचवायचं, बटण ऑपरेटरनेच दाबायचं. हल्ली कोणी तरी येऊन म्हणतंच की चॅटवाल्या मॉडेलवरच सगळं सोडा. त्याला कस्टमरची ईमेल वाचून तारीख काढायला लावा, किंवा "लाईन ३ का निवडली" हे साध्या भाषेत सांगायला लावा, तिथे ते कामाचं आहे. काम कोणाला द्यायचं हे मात्र वरच्या गुणांनीच ठरू दे, कारण उद्या ऑडिटर विचारेल तेव्हा तोच हिशोब परत तसाच निघायला हवा.

लावायच्या आधी मागच्या तीन महिन्यांचा डेटा घेऊन सिम्पायमध्ये (पायथनमधलं सिम्युलेशनचं टूल) लाईनी उभ्या करा आणि प्रत्यक्षात जे ब्रेकडाऊन झाले तेच त्याच वेळी घडवा. सुपरवायझरने तेव्हा काय केलं आणि एजंटांनी काय केलं असतं, हे शेजारी शेजारी ठेवा. जिथे सुपरवायझर जिंकतो ते दिवस नीट बघा, तिथे हमखास काहीतरी नियम असतो जो कुठेच लिहिलेला नाही, जसं की शिफ्टची बस सुटायच्या अर्धा तास आधी कोणी चेंजओव्हर सुरू करत नाही. मग महिनाभर नुसतं स्क्रीनवर दाखवा, अंमल नको.

चालू झाल्यावर प्रत्येक पुकारा, प्रत्येक बोली, कोणाला काम गेलं, वेळेसकट साठवा. सुपरवायझरला एजंटचा निर्णय फिरवायची मुभा हवीच, पण फिरवताना कारण निवडायला लावा, आणि त्या यादीत "इतर" ठेवू नका, सगळे तेच दाबतात.