लेकरू अंगावर पीत असताना शिंगाड्याच्या तलावात कसं उतरायचं

दसरा आला की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या तलावांत शिंगाड्याची तोड सुरू होते. जिचं बाळंतपण पावसाळ्याच्या तोंडाशी झालं, तिचं लेकरू तेव्हा चार महिन्यांचं असतं. घरी बसली तर हंगाम जातो. मी ढिवराची, म्हणजे मासेमाऱ्याची लेक आणि ढिवराचीच सून. छातीभर पाण्यात शिंगाडा तोडला, बुडी मारून कमळाची ढेस, म्हणजे गाळातला कंद, काढली आणि तीन लेकरं अंगावर पाजून वाढवली. यंदा माझी सून पहिल्यांदाच लेकरू काठावर ठेवून उतरणार आहे. तिला जे सांगितलं, तेच इथं लिहिते.

आधी सव्वा महिना. बाळंतिणीनं तोवर तलावात पाय घालू नये, असं माझी सासू म्हणायची. मला ते विटाळाचं वाटायचं. दुसऱ्या खेपेला मी बाविसाव्या दिवशीच उतरले. टाका ओला होता, अंगावरून जाणंही थांबलं नव्हतं. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, दवाखान्यात पडून राहिले आणि तेवढे दिवस लेकरू वरच्या दुधावर गेलं. तलावात गुरं बसतात, गावाचं पाणी उतरतं, आणि बाळंतिणीच्या आतली जखम भरायला सहा आठवडे लागतात. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ती शेवटची भेट होऊ द्या, टाका सुकू द्या, अंगावरचं पूर्ण थांबू द्या. सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नका, कारण ओली पाटी काठावर चढवताना सगळा जोर पोटावर येतो. पहिल्या लेकराला मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. बुडालेल्या मजुरीचीच ती भरपाई आहे, त्या पैशावर हे दिवस काढा. आणि पोटात लेकरू असताना बुडी बंद, अगदी पहिल्या महिन्यापासून.

दुसरं, रक्त. उतरण्याआधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर अंगात रक्त कमी आहे, दम लवकर तुटतो. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. शौचाला काळी होते म्हणून पोरी ती मध्येच सोडतात. सोडू नका. जेवल्यावर घ्या, पण चहाबरोबर नको.

आता बुडीचं. शिंगाडा वरूनच तुटतो, वेल उलटा करायचा आणि देठाशी बोट घालून फळ ओढायचं. ढेस मात्र गाळात असते. पायानं चाचपायची, सापडली की खाली जायचं. खाली जाण्याआधी भराभर दहा-बारा श्वास ओढायची सवय पुष्कळ जणींना आहे. त्यानं दम वाढतो असं वाटतं, पण तसं होत नाही. श्वास घ्यावासा वाटतो तो शरीरातली वाईट हवा साठते म्हणून. ती आधीच फुंकून टाकली की वर या असा इशाराच उशिरा मिळतो, आणि तोवर चांगली हवा संपून माणूस पाण्यातच बेशुद्ध होतं. तडफड नाही, आवाज नाही. म्हणून दोन शांत श्वास घ्या, खाली जा, इच्छा झाली की लगेच वर या. दोन बुड्यांच्या मध्ये छातीची धडधड थांबू द्या.

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिनं मोबाईलवर कोरियाच्या जेजू बेटावरच्या बाया दाखवल्या. त्यांना हेन्यो म्हणतात. पाठीवर हवेची टाकी न घेता समुद्राच्या तळाशी जातात, गोगलगायी-शंख वेचतात. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्यांच्या कामाला वारशाचा मान दिला. वर आल्यावर त्या शीळ वाजल्यासारखा श्वास सोडतात. सोबत तरंगतं ठेवायला त्यांचा 'तेवाक' असतो, तो पूर्वी वाळल्या भोपळ्याचा असायचा. ते पाहून मी कितीतरी वेळ गप्प होते, कारण माझ्या बापानं मला कमरेला भोपळा बांधूनच पोहायला शिकवलं होतं. त्या बाया एकट्या उतरत नाहीत. पूर्वी काठावर दगडाची गोल भिंत, मध्ये विस्तव, तिथं त्या कपडे बदलायच्या, शेकायच्या. तिला बुलतोक म्हणतात. आपल्याला भिंत नाही जमली तरी तलावाच्या पाळीवर झाडाच्या आडोशाला साडीचा पडदा आणि शेकोटी जमते. मी सुनेला तेवढं करूनच दिलं आहे.

दुधाचं गणित असं. उतरण्याआधी दोन्ही बाजू पोटभर पाजा. पहिल्या आठवड्यात दोन तासांच्या वर पाण्यात राहू नका, लेकराची भूक हेच घड्याळ धरा. लांबच्या तलावावर जायचं असेल तर दूध काढून ठेवा: उकळलेली स्टीलची वाटी, झाकण, ओलं फडकं गुंडाळून सावलीत. चार तासांच्या आत संपवा. वाटी-चमच्यानं पाजा, बाटली नको, आणि उरलेलं टाकून द्या. सहा महिन्यांच्या आत पाणीसुद्धा वरून देऊ नका. दूध तटून गाठ झाली तर पाजणं थांबवू नका, त्याच बाजूनं आधी पाजा. ताप आला तर मात्र दवाखाना.

पाण्यातून आल्या आल्या लेकराला ओढून घेऊ नका. शिंगाड्यावर भुंगा पडला की औषध मारतात. एकदा मी घाईत तशीच पाजायला बसले. थोरल्यानं तोंड लावलं, नाक आक्रसलं आणि मान फिरवून रडायला लागला. छातीला औषधाचा वास होता. तेव्हापासून काठावर घरच्या पाण्याची कळशी आणि साबण ठेवते. हात, छाती, मान धुवा, कोरडी चोळी घाला, थोडं शेका, मग पाजा. फवारणी झाली असेल तर काही दिवस त्या तलावात उतरूच नका. पाण्यात नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घाला. शिंगाड्याचा काटा छातीला लागला तर पाजताना जीव जातो.

काठावर कोण बसणार, हे आदल्या रात्रीच ठरवा. लहान पोरगी चालत नाही. तिला लेकरू सांभाळता येतं, पण पाण्यातली बाई बघता येत नाही. यंदा मी बसणार आहे. नातू मांडीवर आणि नजर सुनेजवळ तरंगणाऱ्या हवेच्या टुबेवर. ती खाली गेली की मी मोजायला लागते. वीस झाले की हाक, तिचं उत्तर आलं नाही तर पाण्यात शेजारी असलेली तिची जाऊ लगेच तिच्याकडे जाईल. सोमवारी पहिली तोड आहे. कळशी, साबण, चोळी, वाटी, काड्यापेटी एका पिशवीत बांधून दाराशी ठेवली आहे.