घरबसल्या अभ्यासक्रम पुरा करताना एआयची मदत कशी घ्यावी

नोकरी सांभाळून एनपीटीईएलचा (आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम करणाऱ्याचा घात बहुधा दोन गोष्टी करतात: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वेळापत्रक कोलमडते, आणि दुसऱ्या आठवड्यात नीट समजलेले आठव्या आठवड्यापर्यंत पुसट होते. या दोन्ही ठिकाणी यंत्राची मदत बिनदिक्कत घ्यावी. उत्तर डोक्यातून काढण्याचे कष्ट मात्र त्याच्यावर टाकू नयेत, कारण शिकणे त्या कष्टांतूनच होते.

वेळापत्रकाचे काम सोपे आहे. नोंदणी झाल्यावर सर्व असाइनमेंटच्या अंतिम तारखा एकाच बैठकीत फोनच्या कॅलेंडरमध्ये घालाव्यात आणि प्रत्येकीची सूचना दोन दिवस आधी येईल अशी लावावी. यासाठी वेगळे अॅप शोधण्यात संध्याकाळ घालवण्याचे कारण नाही.

उजळणीसाठी अँकी हे फ्लॅशकार्डांचे (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) सॉफ्टवेअर संगणकावर व अँड्रॉइडवर मोफत मिळते. तुम्ही उत्तर आठवून पाहायचे, मग ते कितपत जमले हे बटण दाबून सांगायचे. त्यावरून ते कार्ड पुन्हा केव्हा दाखवायचे, हे प्रणाली ठरवते. २०२३ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून त्यात ही वेळ ठरवणारी एफएसआरएस ही नवी गणनपद्धत आहे. डेकच्या (कार्डांच्या संचाच्या) सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी. तिथेच ‘किती टक्के लक्षात राहावे’ याचा आकडा मुळात ९० असतो, तो तसाच ठेवावा. तो ९७ वर नेण्याचा मोह होतो, परंतु त्यामुळे रोजच्या उजळणीचे ओझे कितीतरी वाढते. रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते. नोकरदाराने ती १० वर आणावी, कारण आज घेतलेले प्रत्येक नवे कार्ड पुढच्या दिवसांत पुन्हापुन्हा समोर येणार असते.

चॅटबॉटचा उपयोग येथून सुरू होतो, आणि येथेच जपावे लागते. ‘हे व्याख्यान थोडक्यात सांग’ ही मागणी सर्वांत सोयीची आणि सर्वांत कमी उपयोगाची. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे होते. आयता सारांश वाचणे हे त्या पहिल्या गटात बसण्यासारखेच आहे. त्याऐवजी व्याख्यान संपल्यावर आठवेल तेवढे आपल्या शब्दांत, मोडक्या वाक्यांत का होईना, लिहावे; मग ते लिखाण आणि व्याख्यानाची लिखित प्रत दोन्ही चॅटबॉटला देऊन अशी सूचना करावी: “मी काय गाळले आणि कुठे चुकलो, ते फक्त दाखव. बरोबर उत्तर सांगू नकोस. त्या जागी मला एकेक प्रश्न विचार आणि माझ्या उत्तराची वाट पाहा.” मराठीत विचारले तरी चालते. पारिभाषिक संज्ञा मात्र अभ्यासक्रमात आहे तशीच ठेवावी, नाहीतर परीक्षेत ओळखीची संकल्पना अनोळखी वाटते.

कार्डांचा कच्चा मसुदाही चॅटबॉटकडून घेता येतो, पण तो भाराभर कार्डे करून देतो. संख्याशास्त्रातील व्हेरियन्सचे, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याच्या मापाचे, उदाहरण पाहू. ‘नमुन्याचा व्हेरियन्स म्हणजे काय?’ हे कार्ड निरुपयोगी, कारण त्याचे उत्तर परिच्छेदभर होते. ‘नमुन्याचा व्हेरियन्स काढताना एनऐवजी एन वजा १ ने का भागतात?’ हे चांगले (एन म्हणजे नमुन्यातील आकड्यांची संख्या). उत्तर एका वाक्यात मावते: अंतरे नमुन्याच्याच सरासरीपासून मोजल्यामुळे वर्गांची बेरीज कमी भरते, ती तूट त्याने भरून निघते. दहा कार्डे आली तर सहा उडवावीत आणि उरलेली स्वतःच्या शब्दांत टंकावीत.

आकडेमोड तर हाताने पडताळल्याशिवाय कार्डावर घेऊच नये. २, ४ आणि ९ यांची सरासरी ५, अंतरांच्या वर्गांची बेरीज २६, ती २ ने भागून नमुन्याचा व्हेरियन्स १३. चॅटबॉटने ८.६७ सांगितले, तर त्याने ३ ने भागले हे लगेच कळते. असे चुकलेले उत्तरही तो तितक्याच ठामपणे देतो. संदर्भ विचारल्यास व्याख्यानाचा क्रमांक व तेथील नेमके वाक्य मागावे, आणि ते मूळ प्रतीत सापडले तरच मान्य करावे.

राहिली असाइनमेंट. अंतिम गुणांत तिचा वाटा २५, तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा ७५. शिवाय बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठच असाइनमेंट धरल्या जातात. चॅटबॉटकडून उतरवलेल्या उत्तरांनी नियम तर मोडतोच, आणि परीक्षेच्या खोलीत तो सोबत नसतो. प्रमाणपत्रासाठी परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. म्हणून असाइनमेंट आधी एकट्याने सोडवून सादर करावी, अंतिम तारीख उलटून उत्तरे जाहीर होऊ द्यावीत, आणि मग चुकलेले प्रश्न चॅटबॉटपुढे ठेवून तशाच धर्तीचे, आकडे बदललेले आणखी तीन मागावेत.