टोकियो स्टेशनची लाल इमारत नीट कशी बघायची

बहुतेक लोक टोकियो स्टेशनसमोर उभं राहून एक सेल्फी काढतात आणि शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन पकडायला पळतात, मला ते बघून खरंच वाईट वाटतं. कारण या इमारतीत १९१४, १९४५ आणि २०१२ असे तीन काळ एकावर एक बसलेत आणि थोडं थांबलं तर ते सगळे दिसतात. दोन-अडीच तास काढा, फक्त सकाळची ऑफिसची गर्दी टाळा.

आधी बाजू नीट पकडा. लाल विटांची इमारत मारुनोउचीच्या बाजूला आहे, याएसुच्या बाजूने बाहेर पडलात तर नुसते काचेचे टॉवर दिसतील. निशी-कासाईत आपली बरीच मंडळी राहतात, त्यांनी मेट्रोच्या तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरावं आणि जमिनीखालूनच चालत यावं, सोपं पडतं.

बाहेर आलात की लगेच इमारतीजवळ जाऊ नका, आधी उंचावर जा. समोरच्या शिन-मारुबिरू टॉवरच्या सातव्या मजल्यावर टेरेस आहे, आणि बाजूला जुन्या पोस्टाच्या इमारतीत किट्टे नावाचा मॉल झालाय त्याच्या सहाव्या मजल्यावर बाग आहे, दोन्हीकडे फुकट जाता येतं. किट्टेवरून मागे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेनही दिसतात म्हणून मला तीच जागा जास्त आवडते. आता इथून तिसरा मजला आणि दोन्ही टोकांचे घुमट बघा. तात्सुनो किंगो या जपानी वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत १९१४ मध्ये सुरू झाली, आतला सांगाडा पोलादी, त्यामुळे १९२३ च्या मोठ्या भूकंपात ती टिकली. पण मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आग लागली आणि घुमट, तिसरा मजला सगळं गेलं. १९४७ पर्यंत दोनच मजले ठेवून वर साधं कोनाचं छप्पर टाकलं, ते तात्पुरतं म्हणून, आणि ते साठ वर्षांच्या वर राहिलं! मूळ रूप परत आलं ते २०१२ मध्ये. त्याच कामात अख्ख्या इमारतीखाली भूकंपाचे धक्के शोषणारे रबराचे बेअरिंग बसवले.

पैसा कुठून आला हे मुंबईकरांना पटकन कळेल, आपल्याकडच्या टीडीआरसारखाच, म्हणजे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकण्याचा प्रकार. स्टेशन तीनच मजल्यांचं ठेवायचं ठरलं, मग वर जे बांधकाम करता आलं असतं त्याचे हक्क आजूबाजूच्या टॉवरवाल्यांना विकले. म्हणजे तुम्ही शिन-मारुबिरूवर उभे असाल तर त्या उंचीत स्टेशनचाही वाटा आहे.

आता खाली या आणि भिंतीच्या अगदी जवळ जा. दोन विटांमधला जोड बघा, तो आत दबलेला नाहीये, बाहेर फुगलेला आहे, अर्धगोल, शेवईसारखा एकसारखा ओढलेला. ही जुनी पद्धत, दुरुस्तीच्या वेळी कारागिरांनी हाताने परत केली. खालचे दोन मजले मूळचे आणि वरचा नवीन, पण रंग इतका जुळवलाय की शोधावं लागतं.

मग उत्तर किंवा दक्षिण घुमटाखाली जा, तिकीट लागत नाही, गेटच्या बाहेरच आहे. मधोमध थांबू नका, लोक धावत असतात, खांबाला टेकून वर बघा. पंख पसरलेले गरुड दिसतील, आणि आठ कोपऱ्यांत चिनी-जपानी राशीचक्रातले प्राणी. राशीचे प्राणी बारा, इथे आठच, उंदीर, ससा, घोडा आणि कोंबडा नाहीत. ते चौघे सापडले २०१३ मध्ये, लांब सागा प्रांतात ताकेओ ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्याच्या वेशीच्या छतात, आणि ती वेसही तात्सुनोचीच! सागा त्याचं जन्मगाव असलेला प्रांत. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

उत्तर घुमटातूनच टोकियो स्टेशन गॅलरीत जाता येतं. प्रदर्शनाचं तिकीट काढावं लागतं पण जाच, कारण जिन्यात १९१४ च्या विटा उघड्या ठेवल्यात, आणि मध्येमध्ये काळे चौकोन दिसतात ते १९४५ च्या आगीत कोळसा झालेले लाकडी ठोकळे. एवढ्या जवळून ती आग दुसरीकडे कुठेच दिसत नाही. सोमवारी बहुतेक बंद असते, आधी बघून घ्या.

वेळ उरला तर मारुनोउचीच्या रस्त्यावर चालताना टॉवरांचा खालचा भाग बघत जा. पूर्वी इथे ३१ मीटरच्या वर बांधायला परवानगी नव्हती, म्हणून नव्या टॉवरांनीही त्या उंचीवर एक रेघ ठेवलीये आणि वरचा भाग थोडा मागे घेतलाय. एकदा दिसली की सगळीकडे दिसायला लागते. याच वाटेवर मित्सुबिशी इचिगोकान लागतं, ब्रिटिश वास्तुविशारद जोसाया काँडरची १८९४ ची इमारत. हा काँडर म्हणजे तात्सुनोचा गुरू. मूळ इमारत १९६८ मध्ये पाडली, आत्ताची २००९ मध्ये परत बांधलेली आहे. मागच्या अंगणात बसायला बाक आहेत, पाय दुखत असतील तर तिथेच टेका.