पूर ओसरल्यावर मळीची माती कशी तपासायची

शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ आमची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांत ती पाण्याखाली होती. पाणी गेलं की लोक लगेच ट्रॅक्टर घालतात. कळकळीनं सांगते, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर, भुसभुशीत होऊ द्या. ओल्यात चाक फिरलं की खालचा थर दाबून बसतो आणि निचरा बंद होतो.

मग दीड फूट खड्डा घेऊन एक बाजू खुरप्यानं तासा. नवा गाळ आणि जुनी काळी जमीन यांच्यातली रेघ दिसते. गाळाची जाडी पट्टीनं मोजून तारखेसह वहीत लिहा. काठापासून आत चार-पाच ठिकाणी मोजा. बहुधा काठाला रेती जास्त, आत बारीक माती.

गाळ आणि जुनी माती एकत्र करू नका. दोन्हींचे अर्धा-अर्धा किलो नमुने सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्या. सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा, pH), सेंद्रिय कर्ब बघाच, पण शिरोळ भागात क्षारपड, म्हणजे क्षार साचलेली जमीन, फार, म्हणून क्षारतेचा आकडा मी आधी बघते.

घरी काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोरात हलवा. रेती मिनिटाभरात बसते, पोयटा (रेतीहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो. चिकणमाती निम्म्याहून जास्त निघाली, तर आधी निचऱ्यासाठी चर काढा, उसाची लागण मागून.